चौसष्ट चौकोन

अंबडच्या प्रेस शॉपमध्ये मी अठरा वर्षं
हातांनी बोलतो.
तळवा उभा : थांब.
दोन बोटं : डाय बदलायचीय.
अंगठा ओठांकडे : चहा आला.
दीडशे टनी मशीन खाली येतं तेव्हा
शब्द काढणं म्हणजे नुसती तोंडात धूळ घेणं.
शिफ्ट सुटली की गेटबाहेर
आम्ही सगळे एकदम बोलायला लागतो,
जिभा शाबूत.

हे मला फार उशिरा आठवलं.

शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
शेवाळे मॅडमनी टॅब्लेट पुढे सरकवला.
पडद्यावर चौसष्ट चौकोन :
पाणी, शू, अजून, दुखतंय, नको.
ओजसला हे द्या, म्हणाल्या.
मी विचारलं, मग तो बोलेल कशाला?
त्या म्हणाल्या, सगळे बाप हेच विचारतात.
अडणार नाही, म्हणाल्या.
बोलेलच, असं मात्र म्हणाल्या नाहीत.
जिना उतरताना मी तेवढंच धरून ठेवलं.

पवननगरच्या भाजीबाजारात मेव्हणा भेटला.
"आयतं मिळालं की जीभ आळसावते, दाजी.
आमच्या गल्लीतला एक सातव्या वर्षी बोलला,
आता गप्प बसत नाही."
प्रत्येकाच्या गल्लीत असा एक असतो.

मी टॅब्लेट कपाटात ठेवला, गणवेशांच्या खाली.
अकरा दिवस.
तहान लागेल, भूक लागेल, बोलेल.
शब्द घशात अडकलाय
आणि आपण पाठीत थाप मारतोय, असं वाटत होतं.
तो बोलला नाही.
मनगट चावलं त्याने,
दातांची खूण मस्टरवरच्या शिक्क्यासारखी गोल.
आठव्या दिवशी कपाटापुढे जाऊन बसला,
बंद झालेल्या चौकशीच्या खिडकीपुढे
कुणी बसतं तसा.
बाराव्या दिवशी भारतीने किल्ली मागितली.
मागितली म्हणजे हात पुढे केला.
तीही काही बोलली नाही.

टॅब्लेटमधली बाई फार शुद्ध बोलायची.
"मला पाणी हवे आहे."
आमच्या घरात असं कुणी बोलत नाही,
बँकेत बोलतात.
म्हणून शेजारच्या वेदांगला बोलावलं, आठ वर्षांचा,
दोन पेप्सीकोल्यांच्या बोलीवर.
एकेक चौकोन त्याने भरला.
पाणी दे. अजून. दुखतंय. नको ना.
खणखणीत आवाज.
मी फोन धरून उभा,
दुसऱ्याच्या मुलाकडून
माझ्या मुलाचे शब्द मोजून घेत.
चौसष्ट झाल्यावर तो जिन्यावरून ओरडत गेला,
काहीही, कुणासाठीही नाही, फुकट,
आणि मी बराच वेळ दार लावलं नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट.
पाथर्डी फाट्यावर रात्रभर द्राक्षांच्या क्रेटच्या गाड्या,
आणि आमच्या ताटात कारलं.
ओजसने चौकोन दाबला.
वेदांग म्हणाला, नको ना.
आणि त्याच्याखाली, अर्धा ठोका मागे,
खरखरीत, कधी न वापरलेलं काहीतरी :
को.

प्रेस शॉपमध्ये कान असे तयार होतात
की हजारांतला एक ठोका हुकला तरी कळतो.
भारती म्हणाली, भास असेल.
मॅडम म्हणाल्या, लिहून ठेवा, तारीख टाका.
टॅब्लेटमुळे, की टॅब्लेट असूनही,
की वेळच झाली होती,
मी विचारलं नाही.
सहा वर्षांनी आलेला पहिला शब्द
आई नव्हता, बाबा नव्हता,
मला दिलेला नकार होता,
तोही अर्धा.

मी मुद्दाम अजून एक फोड वाढली.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
वेड्याकडे पाहावं तसं,
आणि टॅब्लेटला हात न लावता
तळवा उभा केला.

मशीन बंद करावं
तसा मी हात मागे घेतला.